ग्रंथातली चोवीस पानं

पांढुर्णा
२४ जुलै १९८६

दादा, जयभीम.

अक्षर ओळखलं असशील. तूच गिरवून घेतलंय ते, माझी बोटं धरून आणि अधूनमधून डोक्यात टपली मारून. चौदा वर्षांनी पत्र लिहायचं तर आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी. ती विचारायचं तोंड नाही, आणि न विचारण्याइतका मी उद्धट नाही. सुशीलावहिनी बरी असावी. तुझी पोर स्मिता आता लग्नाची झाली असेल.

मी अजून नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व खोलतो. पाणी उशिरा आलं की सगळं गाव मला शिव्या देतं आणि वेळेवर आलं की कोणी नाव काढत नाही. विहारात धम्माचा ग्रंथही अजून मीच वाचतो. वर्षावास लागला की तीन महिने रोज संध्याकाळी तासभर. लोक म्हणतात श्रावणचा आवाज अजून तसाच आहे. तुला हे ऐकून बरं वाटेल की वाईट, ठाऊक नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. आपलं मंडळ आणि सावरगावचं मंडळ एक होणार असं दिसतंय. हसू नकोस. बाहत्तर साली तू हेच म्हणत होतास, एक वर्ष ग्रंथ अलीकडे वाचू, एक वर्ष नदीपलीकडे नेऊ, आणि मी म्हणालो होतो की ग्रंथ जाम नदी ओलांडणार नाही. तेव्हा त्यांनी वेगळं मंडळ काढलं, वेगळा ग्रंथ आणला. आता त्यांच्यातले उत्तमराव रेल्वेतून रिटायर झालेत. तिगावच्या रस्त्याला त्यांची जागा आहे, ती ते नव्या विहारासाठी देताहेत. पण अट एकच, दोन्ही मंडळं एक झाली तर. नाहीतर कोणालाच नाही. यंदाचा वर्षावास दोघांनी मिळून करायचा, एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे, आणि अश्विन पौर्णिमेला हात वर करून ठरवायचं.

दादा, आषाढी पौर्णिमेची संध्याकाळ तू पाहायला हवी होतीस. नदीवरच्या बुटक्या रपट्यावरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. मी म्हटलं, आता कोण येतं. तर पलीकडून सगळं सावरगाव पांढऱ्या कपड्यात, हातात हात धरून, म्हाताऱ्या मधे आणि तरण्या पोरी कडेला, एकही शब्द न बोलता पाण्यातून चालत आलं. आमच्या बायका काठावर उभ्या होत्या. त्यांनी न सांगता हात पुढे केले आणि एकेकीला वर घेतलं. ज्या बायका चौदा वर्षं बाजारात एकमेकींकडे पाठ करून भाजी घेत होत्या, त्या! विहारात दोन ग्रंथ एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, कारण कोणालाच आपला ग्रंथ घरी ठेवून यायचं नव्हतं. त्यांच्याकडून वंदनाबाई वाचतात, प्राथमिक शाळेत शिकवतात त्या. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या ग्रंथात ओळीवरून बोट फिरवायचं, असं ठरलं.

हे सगळं छान आहे. फक्त एक काम होतं. तुझ्या पेटीत काही जुने छापील कागद असतील तर पाठव. टपालानं नको. सौंसरच्या गाडीचा कंडक्टर गजानन माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याजवळ दे. झालं ते झालं. तेव्हा तू रागात होतास, मी काही मनात ठेवलेलं नाही.

तुझा,
श्रावण


पांढुर्णा
१७ ऑगस्ट १९८६

दादा,

उत्तर नाही. पोस्टमन आता मला पाहून सायकलवरून उतरतसुद्धा नाही, लांबूनच मान हलवतो.

आडून लिहिलं ते तुला आवडलं नसेल. सरळ लिहितो. मला ती चोवीस पानं हवी आहेत. ओढाताणीत ग्रंथ फाटला, पुस्तक माझ्या हातात राहिलं आणि मधली पानं तुझ्या. तू ती घेऊन सौंसरला निघून गेलास. लोकांनी एवढंच पाहिलं. पुढचं त्यांना ठाऊक नाही. मी त्यांना सांगितलं की पानं तुझ्याकडून परत आणली आणि नागपूरला शिवून घेतली. ग्रंथ कपड्यात गुंडाळलेला असतो, त्याला हात फक्त माझाच लागतो. म्हणून आजवर भागलं.

आता तू म्हणशील, मग त्या पानांच्या जागी चौदा वर्षं काय वाचलं?

तेच सांगायला बसलोय. तू गेलास त्याच वर्षी, भादव्यात, वाचता वाचता मी त्या जागेपाशी आलो. आधीच पाहून ठेवायला हवं होतं, पण तुला माहीत आहे, मी तयारी करणारा माणूस नाही. पानाच्या तळाशी शेवटची ओळ होती, 'आणि तथागत म्हणाले'. पान उलटायला बोट घातलं तर पुढे भलतंच प्रकरण, भलतंच गाव. समोर साठ-सत्तर माणसं. बायका पुढं, सगळ्या दिवसभर संत्र्याच्या बगीच्यात राबून आलेल्या. अगदी समोर लीलाबाई, आपल्या मागच्या गल्लीतली. त्या दिवशी सकाळीच तिचा तमाशा झाला होता. अंबिया बहाराची कच्ची फळं गळत होती, झाडाखाली सडा पडलेला. तिनं त्यातली चार संत्री ओटीत घातली, तर मालकानं सगळ्या मजुरांसमोर तिची ओटी झाडायला लावली. विहारात ती मान खाली घालून बसली होती.

मी पान उलटलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "आणि तथागत म्हणाले, बाई, तुझ्या ओटीत काय आहे?"

दादा, खरं सांगतो, ते वाक्य मी रचलं नाही, ते आलं. मग ती बाई म्हणाली की पडलेलं फळ आहे, आंबट आहे, तुम्हाला द्यायच्या लायकीचं नाही. तथागतांनी हात पुढे केला. साल काढली, फोडी मोजल्या, प्रत्येक भिक्खूला एक दिली, त्या बाईला एक दिली आणि उरलेली आपण खाल्ली. इतकी आंबट फोड, पण कोणाचं तोंड वाकडं झालं नाही. मग ते म्हणाले की ज्यानं हे झाड पाणी घालून वाढवलं त्याचा वाटा कोणीतरी त्याच्या ओटीत परत घालायलाच हवा. अर्धा तास मी बोललो. शेवटी वर पाहिलं तर लीलाबाईची मान वर होती.

तथागतांच्या काळात संत्री होती की नव्हती, हा विचार मला घरी जाताना सुचला.

पुढच्या वर्षी त्या संध्याकाळी बायका ओटीत गळीची संत्री घेऊन आल्या. वाचन झाल्यावर फोडी वाटल्या. तेव्हापासून दर वर्षी. आपल्या विहारात त्या दिवसाला नावही पडलंय, 'फोडीचा दिवस'. सावरगावच्यांना हे ठाऊक नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती जागा येईल. वंदनाबाईंचं बोट ओळीवर असेल. मी 'ओटीत काय आहे' म्हटलं की ते बोट थांबेल.

ग्रंथात आपल्या पदरचं घालणारा वाचक! उत्तमराव असल्या बाबतीत फार कडक आहेत. एकी मोडेल, जागा जाईल, आणि हे सगळं माझ्यामुळे. पानं पाठव, दादा. मी रात्रीतून शिवून टाकतो.

श्रावण


पांढुर्णा
८ सप्टेंबर १९८६

दादा,

पोळ्याची गोटमार होऊन तीन दिवस झाले. नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारून डोकी फुटली आहेत, म्हणून एकीची बैठक पुढे ढकलली. वंदनाबाई म्हणाल्या, "भाऊ, आपन एक होऊन राहिलो, आन् आपल्या पोट्ट्याइच्या डोक्याले टाके पडून राहिले." पट्टी बांधलेली आमची पोरं आणि त्यांची पोरं काल एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून ऐकत बसली होती. मी वाचता वाचता दोनदा थांबलो ते पाहायला. हे असं होऊ शकतं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

गेल्या मंगळवारी मी सौंसरला आलो होतो.

तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. दोन चहा झाले. पाचला तू बाहेर आलास. केस सगळे पांढरे झालेत तुझे. शिपायाचा खाकी शर्ट, हातात थैली, चप्पल एका पायानं घासत चालण्याची तीच ढब. तू रस्ता ओलांडलास आणि टपरीपासून दहा हातांवरून गेलास. हाक मारायला मी उभाही राहिलो. मग टपरीवाल्यानं सुट्ट्यासाठी हटकलं आणि मी खाली बसलो. सुट्टे माझ्या खिशात होते. मोहगावपर्यंत बसमध्ये मी स्वतःला शिव्या घालत आलो.

आता तुला वाटेल, एवढी गरज होती तर नवा ग्रंथ का नाही आणला? नागपूरला दसऱ्याला ग्रंथांचे ढीग असतात. शहात्तर साली मी त्या ढिगासमोर उभा होतो. नवी कोरी प्रत हातात घेतली. ती पानं उघडली. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि प्रत परत ठेवली.

पैसे होते. गर्दी नव्हती. ठेवली, कारण ती पानं घरी आणली असती तर मला ती वाचावी लागली असती, आणि फोडीचा दिवस संपला असता. त्या दिवशी लोक माझ्याकडे जसे पाहतात, दादा, तसे ते वर्षभर पाहत नाहीत. बाकी वर्षभर मी नळवाला.

आणि लोक तुझ्याबद्दल जे बोलले त्यात मी काही भर घातली नाही. मला विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, एवढंच. वहिनीला हापशीवर पाणी भरू दिलं नाही तेव्हाही मी तिथं नव्हतो, ड्युटीवर होतो.

पंधरा-सोळा दिवस उरलेत. गजानन रोज गाडी घेऊन येतो आणि रोज रिकामे हात दाखवतो.

श्रावण


पांढुर्णा
२८ सप्टेंबर १९८६

दादा,

आता पानं पाठवू नकोस. झालं.

परवा माझी वाचायची पाळी होती आणि तीच जागा. सकाळपासून मी घसा बसल्याचं सोंग करत होतो. बायकोनं हळदीचं दूध दिलं, ते पिऊन घसा आणखीच साफ झाला. विहार गच्च भरला होता. आमच्या बायकांच्या ओट्या फुगलेल्या. सावरगावच्या बायका त्यांच्याकडे बघून आपसात कुजबुजत होत्या, की यांच्याकडे आज काय आहे म्हणून. मी वाचत गेलो, पानाच्या तळाशी आलो. "आणि तथागत म्हणाले".

वंदनाबाईंनी पान उलटलं. त्यांचं बोट नव्या पानाच्या पहिल्या ओळीवर येऊन थांबलं. बाईंचा हात सावळा, नखाला खडू लागलेला. ते बोट माझी वाट पाहत होतं. शाळेत मुलानं पुढचा शब्द वाचावा म्हणून थांबतात ना, तसं.

मला ते वाक्य म्हणता आलं नाही. ग्रंथ मिटला आणि म्हणालो, "पुढची पानं याच्यात नाहीत. चौदा वर्षं नाहीत. मी वाचत होतो ते माझ्या मनचं होतं."

मग उत्तमराव उठले. "मनचं म्हंजे? तथागताच्या तोंडी तुमी तुमचं घातलं? चौदा वर्सं? अनपड बायाइले फसवलं तुमी, श्रावनराव!" ते रागावले होते त्याहून जास्त त्यांना लागलं होतं. ते आपल्या माणसांकडे वळले आणि म्हणाले, "चला. असी एकी नाई पाहिजे आपल्याले."

अर्धं सावरगाव उठलं. मी टेबलाशी उभा. जागा गेली, विहार गेला, असं डोळ्यांसमोर दिसत होतं.

"बसा, उत्तमराव," समोरून आवाज आला. लीलाबाई. आता सत्तरीच्या घरात आहे ती, उठायला हात टेकावे लागतात. ती हात टेकून उठली. "फसवलं कोनाले? आमाले माहीत होतं."

मी म्हणालो, "काय माहीत होतं?"

"हेच, का तू वाचून नाई राहिला म्हनून." ती माझ्याकडे पाहत नव्हती, ग्रंथाकडे पाहत होती. "बाप्पा, आमाले वाचता येत नाई, पन पान पलटलं का नाई ते तं दिसते नं! रोज तू घडीघडी पान पलटवतं. त्या दिवसी अर्धा घंटा एकच पान. पयल्या सालात मले काही समजलं नाई. मले वाटलं, सकायी माही ओटी झाडली ते तथागतानं पायलं. रातभर रडली मी. दुसऱ्या सालात मी तुह्या हाताकडे पायत बसली. हात नाई हालला. मंग मले समजलं का तथागतानं नाई, श्रावननं पायलं."

दादा, मी खाली बसलो.

"तुमी सांगतलं काहून नाई?" वंदनाबाईंनी विचारलं.

"काहून सांगाव? कोनीतरी पायलं होतं."

आणि मग तिनं सुरुवात केली. 'आणि तथागत म्हणाले, बाई, तुझ्या ओटीत काय आहे.' माझंच, पण माझं नाही. मी दर वर्षी त्यात काहीबाही बदलत आलो होतो, भिक्खू वाढवले, एक राजा घातला, एका वर्षी हत्तीसुद्धा आणला. तिनं त्यातलं काहीच घेतलं नाही. बाहत्तर सालच्या त्या संध्याकाळी मी जे आणि जसं म्हणालो, ते आणि तसं, माझा श्वास जिथे अडला तिथे अडून, तिनं म्हटलं. मागून एकेक बाई तिच्या आवाजात आवाज मिळवत गेली. शेवटी आमच्या सगळ्या बायका म्हणत होत्या. निम्म्याहून जास्त अंगठेबहाद्दर. मी आयुष्यभर समजत आलो की मी वाचतो आणि त्या ऐकतात. त्यांच्यात एवढं काय काय साठलं होतं, दादा! मला त्यांच्याकडे बघायची भीती वाटली, इतक्या त्या मोठ्या दिसत होत्या.

उत्तमराव उभेच होते. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचं त्यांना भान नव्हतं.

मला वाटलं सुटलो. पण लीलाबाई संपली नव्हती. आता ती माझ्याकडे वळली. "तुहं चांगलं होतं, श्रावन. मी मरेपर्यंत इसरनार नाई. पन त्या पानावर तथागतानं काय सांगतलं, ते आमाले चौदा साल आयकू नाई देल्लं तूनं. ते तं आमचंच होतं नं? मी सत्तर सालाची झाली. कवा आयकू मी ते?"

मी वंदनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी आपला ग्रंथ जवळ ओढला आणि बोट होतं तिथूनच वाचायला लागल्या. त्यांचा आवाज माझ्यासारखा नाही, बारीक आहे, शाळेतला. पण कोणी हललं नाही. उठलेले सावरगावकर आपोआप बसले. आमच्या बायका तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होत्या. ते शब्द त्यांच्या कानांवर जन्मात पहिल्यांदा पडत होते. त्या पानांवर काय आहे ते मी इथे लिहीत नाही. ती तुझ्याजवळ आहेत. तू ती किती वेळा वाचली असशील ते मला आता कळतं. मीही ती पहिल्यांदाच ऐकली, बायकांच्या मागे सतरंजीच्या टोकाला बसून. शहात्तर साली हे हातातून खाली ठेवणारा माणूस कोण होता, असं मला वाटत राहिलं.

वाचन संपल्यावर लीलाबाई म्हणाली, "बाई, पुन्हा एक डाव." वंदनाबाईंनी सगळं पुन्हा वाचलं.

मग फोडी वाटल्या. सावरगावच्यांनाही दिल्या. फार आंबट होत्या यंदा.

निघताना लीलाबाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दादारावनं फाडलं, तूनं जोडलं. कसंबी असो, जोडलं तं खरं." मी मान हलवली. घरी आलो, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

श्रावण


पांढुर्णा
१८ ऑक्टोबर १९८६

दादा,

काल अश्विन पौर्णिमा झाली. दुपारी सगळे तिगावच्या रस्त्यावरच्या त्या जागेवर जमलो. नुसती जमीन, कडेला बाभळी, मधे एक सतरंजी आणि तीवर दोन ग्रंथ. तीनशेच्या वर माणूस होता. पुरुष, बायका, पांढरेशुभ्र, उन्हात बसलेले, आणि छप्पर नसताना विहार असल्यासारखी शांतता. त्यांच्यासमोर उभं राहताना मला कळलं की इतकी वर्षं मी ज्याला आपलं मंडळ म्हणत होतो ते किती लहान होतं.

हात वर करायच्या आधी मी म्हणालो, मला बोलायचं आहे.

आणि मी जे बोललो ते तुला आधी लिहायला हवं होतं. चार पत्रं लिहिली, चारहीत लपवलं. ओढाताण झालीच नव्हती. तू ग्रंथ दोन्ही हातांनी धरला होतास आणि मी खेचत होतो. तू म्हणालास, "श्रावन, फाटंन रे, घे बाबा," आणि पुस्तक माझ्याकडे पुढे केलंस. तू देत होतास. मी हिसडा दिला. मला ते दिलेलं नको होतं, घ्यायचं होतं. शिवण उसवली, पानं तुझ्या हातात राहिली. तू त्यांच्याकडे बघत उभा राहिलास. आणि त्या गर्दीत पहिला आवाज माझा होता. "दादानं ग्रंथ फाडला!" मी ओरडलो. लोकांनी पाहिलं तेव्हा पानं तुझ्या हातात होती. बाकीचं त्यांनी केलं. तू एकदाही म्हणाला नाहीस की यानं फाडलं. मी चौदा वर्षं वाट पाहिली की तू म्हणशील आणि मला तुझ्यावर रागावता येईल.

हे सगळं मी तीनशे माणसांसमोर सांगितलं. लीलाबाईनं 'तूनं जोडलं' म्हटलं नसतं तर कदाचित सांगितलं नसतं. जिनं माझं खोटं चौदा वर्षं सांभाळून ठेवलं, तिच्याकडून तेवढं घेणं मला झेपलं नाही.

मग उत्तमराव म्हणाले, "मी जागा वाचनाऱ्याले देल्ली नाई, आयकनाऱ्याइले देल्ली. हात वर करा." हात वर झाले. सगळे. मी मोजायला गेलो आणि मधेच सोडून दिलं. सतरंजीच्या या टोकापासून बाभळींपर्यंत नुसते हात, म्हातारे, सुरकुतलेले, काळवंडलेले, चिकाचे डाग पडलेले. दादा, तू ज्याच्यासाठी गाव सोडलंस ते काल झालं, आणि तू तिथे नव्हतास.

माझं वाचन बंद झालं. कोणी बंद केलं नाही, मीच ग्रंथ वंदनाबाईंच्या हातात दिला. तो घेताना त्यांनी विचारलंसुद्धा नाही की दुसरा वाचक कोण. सगळ्यांना एकच नाव सुचलं होतं, पण ते घ्यायला कोणाची जीभ उचलत नव्हती.

लीलाबाई काल माझ्याकडे पाठ करून निघून गेली. आज सकाळी घरी आली, ओट्यावर बसली. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाली, "कागद घे. लिव." वंदनाबाईंनाही तिनं सोबत आणलं होतं, मी लिहिलेलं वाचून बघायला. माझ्यावर तिचा भरवसा उरलेला नाही आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. खालचं तिचं आहे. तिनं सांगितलं तसं लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वंदनाबाईंनी दोनदा वाचून दाखवलं, मगच तिनं अंगठा लावला.

"दादाराव, मी लीला. हापशीवर सुशीलेची घागर मी बाजूले सारली होती. दुसऱ्या कोनी नाई, मीच. तिनं काही म्हटलं नाई, रिकामी घागर घेऊन गेली. तिले सांग का लीलीले झोप येत नाई. नवं विहार बांधून राहिलो. तुले वाचाचं असन तं वाच, नसन तं आयकाले बस, पन ये. तिले घेऊन ये. पयली घागर तिची राहीन, मी हापसून देईन. आन् बसस्टँडवर कोनी तुह्याकडे बोट दाखवलं तं काही बोलू नको, माह्या घराकडे चालत राहाजो. बोट दाखवनाऱ्यापाशी मी उभी राहीन."